कोल्हापूर–मिरज मार्गावर वारसा गाडी : वाफेचं इंजिन की डिझेल?

रुकडीचा पूल :
आपला कोल्हापूर–मिरज मार्ग संस्थानाचा. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाची सुरुवात झाली, तेव्हा ते अजून किशोरवयात होते. १८९१ मध्ये गाडी धावली. शाहूपुरीची पेठ वाढली, गुळाचा व्यापार दूरवर गेला, जयसिंगपूर आखून वसवलं गेलं, ते या रुळांच्या आधाराने. आणि या वारशातलं आपण आज दाखवतो काय? स्टेशनला महाराजांचं नाव, बस्स.

रविवारी सहलीची एक फेरी व्हावी, असं निवेदन आपण रेल्वेला द्यावं, असं मला मनापासून वाटतं. जुने डबे, उघड्या खिडक्या आणि पुढे डिझेल इंजिन. वाफेचं इंजिन शाहू जयंतीसारख्या एखाद्या दिवशीच. डिझेल म्हणजे अल्को या अमेरिकी कंपनीच्या बनावटीचं, डब्ल्यूडीएम-२ जातीचं. १९६२ मध्ये पहिली इंजिनं अमेरिकेतून आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. मुंबईची गाडी आली हे आपल्या पिढीला घरात बसून कळायचं, ते या इंजिनाच्या आवाजाने. आता मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि ही इंजिनं भंगारात निघाली आहेत. जपायचं असेल तर आत्ताच.

कोळसापाणी :
साफ असहमत. डिझेल बघायला कोण तिकीट काढेल? उटीच्या गाडीचं नाव झालं ते मेट्टुपालयम ते कुन्नूर चढावर वाफेचं इंजिन दातेरी पट्टीला धरून चढतं म्हणून. कुन्नूरपासून पुढे डिझेल लागतं, त्याचा फोटो कुणी घरात लावलेला मी पाहिलेला नाही.

वाफेच्या इंजिनात सगळं डोळ्यांसमोर घडतं. दट्ट्या सरकतो, दांडा फिरतो, चाक वळतं. शाळकरी पोराला पाच मिनिटांत यंत्र समजतं. शिवाय हे हाताचं कसब आहे. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालणारा माणूस जसा काईलीकडे बघून जाळ ओळखतो, तसा फायरमन धुराच्या रंगावरून भट्टी ओळखतो. काळा धूर म्हणजे कोळसा जास्त झाला, हवा कमी पडली. देशात ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांवरची, नेहमीची वाफ १९९५ ला थांबली. तेव्हाचे तरुण फायरमन आज निवृत्तीला आलेत. ते गेल्यावर कुणाकडून शिकणार? तुमचं डिझेल वीस वर्षं थांबू शकेल, ही माणसं थांबणार नाहीत.

मीटरगेज :
कोळसापाणी, कसबाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण एक गोष्ट राहतेय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कोल्हापूरची लाइन मीटर गेज होती, म्हणजे दोन रुळांतलं अंतर एक मीटर. महाराजांच्या काळापासून इथे धावलेली वाफेची इंजिनं १००० मिमीच्या रुळांची, आजचा रूळ ब्रॉडगेज, १६७६ मिमीचा. ती परत आणली तरी इथे उभीसुद्धा राहणार नाहीत. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जपलेलं वाफेचं ब्रॉडगेज इंजिन मागवाल, तर ते देखणं खरं, पण आपल्या लाइनचा वारसा कसा म्हणायचा? ब्रॉडगेजवर इथे दशकानुदशकं राबली ती पुणे शेडची अल्को.

दुसरं, वर २५,००० व्होल्टची तार आहे. कोळसा पुढे ओढायला माणसाला टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, चढावं लागतं. तारेखाली ते चालणार नाही.

हातकणंगले शेतकरी :
ठिणगीचं काय? अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ड्युरँगो–सिल्व्हर्टन ही १८८२ पासूनची वाफेची गाडी आहे. २०१८ मध्ये तिथे जंगलाला मोठा वणवा लागला. तो याच गाडीच्या निखाऱ्याने लागला असा दावा करून सरकार कोर्टात गेलं, आणि २०२२ मध्ये २ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आमच्याकडे रुळाला लागून ऊस आहे. फेब्रुवारीत वाळलेलं पाचट कसं पेटतं ते शेतात राहणाऱ्यालाच ठाऊक. एक फड जळाला तर माझं वर्ष गेलं.

कोळसापाणी :
दादा, तुमची काळजी रास्त आहे. पण त्याच ड्युरँगोने नंतर इंजिनं तेलावर आणली. निलगिरीला, म्हणजे त्या उटीच्या गाडीलाही, तेलावर चालणारी वाफेची इंजिनं आहेत, ती त्रिचीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधली. तेलामुळे ठिणगीची भीती बरीच कमी होते आणि टेंडरवर चढणंही टळतं. मीटरगेज, तुमच्या गेजच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे तोड नाही.

रुकडीचा पूल :
तेलावर आणलं तरी बॉयलर तो बॉयलरच. अमेरिकेत नियम आहे : १४७२ दिवस चालवलं किंवा १५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासायचा. म्हणूनच तिकडच्या बऱ्याच वारसा रेल्वे रोजच्या फेऱ्यांना डिझेल लावतात आणि वाफेचे दिवस मोजून काढतात. दार्जिलिंगलाही जॉय राइड दोन्ही इंजिनांवर आहे. डिझेलचं तिकीट कमी, म्हणून साध्या घरातली पोरंही बसतात.

पासवाला :
मी मिरजेला रोज जातो. लाइन एकेरी आहे. समोरून गाडी येणार म्हणून आम्हाला आधीच क्रॉसिंगला थांबवतात, त्यात ही हौसेची गाडी कशाला? वैभववाडीचा मार्ग मंजूर होऊन वर्षं लोटली. आधी कोकणात जाणारी रेल्वे द्या, मग वाफ आणि डिझेलवर भांडा.

वळिवडेकरीण :
पासवाल्यांचा त्रास खरा आहे, पण रविवारी दुपारच्या एका फेरीने वैभववाडी अडलेली नाही. माझा प्रश्न वेगळा आहे : लोकांनी उतरून बघायचं काय? याच मार्गावरच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. त्यांची मुलं-नातवंडं अजून पोलंडहून येतात. गाडी तिथे अर्धा तास थांबवा, माहिती सांगणारं माणूस ठेवा. जयसिंगपूरला उतरून पेठ दाखवा. नुसतं मिरजेला जाऊन परत यायचं असेल तर माझं मत कुठल्याच इंजिनाला नाही.

मीटरगेज :
ताईंना अनुमोदन. मिरजेतही दाखवण्यासारखं आहे. एकेकाळी या जंक्शनात तीन गेज होते : ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमीचा नॅरो. तिन्ही रूळ शेजारी-शेजारी मांडून ठेवले तरी माणसं थांबून बघतील.

पासवाला :
अर्धा तास वळिवड्याला थांबवायची असेल तर लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्या, मुख्य लाइनवर नको. आणि रविवारी संध्याकाळी पाचच्या आत कोल्हापुरात आणा, त्यानंतर परतणाऱ्यांची गर्दी असते. एवढं लिहून देणार असाल तर निवेदनावर माझीही सही घ्या. डिझेलसाठीच्या. वाफेच्या नाही.