माळ्यावरची क्रिकेट कार्डं आणि पाच लाख

बी-२०४ वहिनी: नमस्कार. माळा आवरताना ह्यांच्या लहानपणीची क्रिकेट कार्डं सापडली. बुटाच्या खोक्यात साठेक आहेत. आमचा सातवीतला सांगतोय, नेटवर असल्याच एका सचिनच्या कार्डाला पाच लाख आहेत. खरं असतं का हे?

सी-१०१ दादा: लगेच विकून टाका वहिनी! नवी पेठेत कुणी घेतं का विचारू?

ए-३०२ काका: थांबा की जरा. वहिनी, ते पाच लाख कुणी दिलेत, का नुसते मागितलेत? पोराला एवढंच बघायला सांगा.

बी-२०४ वहिनी: त्यानं काय फरक पडतो काका?

ए-३०२ काका: सगळा फरक तिथंच आहे. माझ्या जुन्या सायकलीची मी पाच लाखाला जाहिरात टाकली म्हणून तेवढं कुणी देणार नाही. ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर 'सोल्ड आयटम्स'वर खूण केली की फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दिसतात. त्यात तेच कार्ड, त्याच वर्षाचं, साधारण तशाच अवस्थेतलं शोधायचं. चार-पाच विक्रींचे आकडे बघायचे आणि एखादाच भलता वर गेला असेल तर तो सोडून द्यायचा.

डी-४०३ ताई: पण दराची पुस्तकं असतात ना? पेपरात सोन्याचा भाव येतो तशी.

ए-३०२ काका: असतात ताई. अमेरिकेत जेम्स बेकेट या संख्याशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये बेसबॉल कार्डांच्या दरांचं मासिक काढलं. कार्डापुढं कमी आणि जास्त असे दोन आकडे असायचे. नवखा माणूस जास्तीचाच धरतो आणि फसतो. सोनं तोळ्याला तोळा सारखं, कार्डाचं तसं नसतं. शिवाय छापून हातात येईपर्यंत बाजार हललेला असतो. अशी पुस्तकं मी वेगळ्या कामाला वापरतो: संच कुठल्या वर्षाचा, त्यात कार्डं किती, खेळाडूचं पहिलं कार्ड, म्हणजे रुकी, कुठलं. आपल्याकडच्या क्रिकेट कार्डांसाठी असं भरवशाचं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही.

सी-१०१ दादा: पण जुनं म्हणजे महाग असणारच ना?

ए-३०२ काका: नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एवढी कार्डं छापली की त्यातली बरीचशी आजही कवडीमोल आहेत. उलट होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं १९०९ चं कार्ड छापणं लवकर थांबलं, थोडीच उरली, म्हणून २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी मिकी मँटल या दुसऱ्या बेसबॉल खेळाडूचं १९५२ चं कार्ड १.२६ कोटी डॉलरला गेलं. त्याच्या अवस्थेला १० पैकी ९.५ गुण होते. तेच कार्ड घडी पडलेलं असेल तर या रकमेचा अगदी लहानसा हिस्सा मिळतो. चारी कोपरे, कडा, वरचे ओरखडे आणि चित्राभोवतीची पांढरी पट्टी दोन्हीकडून सारखी आहे का, यावर कार्डं तपासणाऱ्या कंपन्या गुण देतात.

बी-२०४ वहिनी: मग आमच्या कार्डांना गुण लावून घ्यायचे का?

ए-३०२ काका: आत्ता नको. पाठवण्याचा आणि तपासणीचा खर्च कार्डाहून जास्त व्हायचा. आधी नक्कल नाही ना ते बघू. सोलापुरी चादर म्हणून दुसरंच काही विकतात ना, तसं इथंही चालतं. सराफाकडं असतं तसलं भिंग माझ्याकडं आहे, छपाईचे ठिपके त्यात दिसतात, त्यावरून नकलेचा अंदाज येतो.

आणि हात जोडून सांगतो, पुसू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. माझी आवडती अकरा कार्डं आमच्या आईनं कौतुकानं लॅमिनेट करून आणली होती. तिच्या मायेवर मी रागावलो नाही, पण ती आता सोडवता येत नाहीत.

डी-४०३ ताई: काका, तुम्हाला स्वतःला कुठलं कार्ड हवंय?

ए-३०२ काका: पॉली उम्रीगर. आपल्या सोलापुरात जन्मलेले. भारताकडून कसोटीतलं पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध २२३. मिळालं तर भाव विचारणार नाही.

बी-२०४ वहिनी: काका, लेकानं आत्ता बघितलं. ते पाच लाख मागितलेलेच आहेत, विकल्याची नोंद एकही नाही. आणि आमच्या गठ्ठ्याला रबरबँड होता, कडेला खाचा पडल्यात.

ए-३०२ काका: रबर हळूच काढा. चिकटलं असेल तर ओढू नका, तसंच राहू द्या. रविवारी अकराला पोराला खोक्यासकट माझ्याकडं पाठवा, हात धुऊन कोरडे करून यायला सांगा.