‘०.०.०.० टाका, झालं काम’ हे नवशिक्यांना शिकवू नका

कर्वेनगर_लिनक्स:
काल इथे एकाने सल्ला दिला: “साइट दुसऱ्या मशीनवरून दिसत नसेल तर लिसनमध्ये ०.०.०.० टाका, पोर्ट ८०८० करा, फायरवॉल बंद करा.” (लिसन म्हणजे सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर, म्हणजे क्रमांकावर, ऐकायचं ती ओळ. फायरवॉल म्हणजे नको ती कनेक्शनं अडवणारा पहारा.) खाली आभारांची रांग. वाचून डोकं फिरलं. ०.०.०.० म्हणजे मशीनचे जेवढे पत्ते, तेवढी दारं उघडी. १२७.०.०.१ म्हणजे घरातल्या घरात, फक्त त्याच मशीनवरून. हा फरक न सांगता फायरवॉलही बंद करायला लावायची?

सिंहगड रोडवरच्या एका दुकानाचं बिलिंग मी सांभाळतो. आधीच्या माणसाने हेच केलं होतं, वर राउटरवर पोर्ट फॉरवर्डही, म्हणजे बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडे वळवलेलं. लॉग उघडला तर अॅडमिनच्या पानावर रात्रभर कोणीतरी पासवर्ड लावून बघतंय. अॅप १२७.०.०.१ वर ठेवा आणि पुढे एन्जिनएक्स (विनंत्या घेऊन आत अॅपकडे देणारा वेब सर्व्हर) ८० व ४४३ पोर्टवर. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, बस.

हिंजवडी_फेज२:
एका दुकानावरून सगळ्यांना नियम लावू नका. क्लाउडवर मशीनला बहुतेकदा खासगी पत्ताच असतो, पब्लिक पत्ता बाहेर नॅटवर (बाहेरचा पत्ता आतल्या पत्त्यात बदलणारी व्यवस्था). तो पब्लिक पत्ता लिसनमध्ये लिहिलात तर सर्व्हर उठतच नाही, कारण तो पत्ता मशीनकडे नाहीच. आणि कंटेनरमध्ये (अॅपला वेगळं ठेवणारा डबा) १२७.०.०.१ म्हणजे कंटेनर स्वतः. पोर्ट पब्लिश केलं, म्हणजे मशीनच्या पोर्टला जोडलं, तरी बाहेरचं आत पोचत नाही. ज्याने रात्री तीनला प्रोडक्शन (खऱ्या वापराची यंत्रणा) उभं केलंय तो असं सरसकट लिहिणार नाही.

कर्वेनगर_लिनक्स:
माझ्या अनुभवावर घसरू नका. कंटेनरच्या आत ०.०.०.० लागतं, मान्य. पण बाहेर नुसतं ‘८०८०:८०८०’ (मशीनचं पोर्ट:कंटेनरचं पोर्ट) लिहिलंत की डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलचे नियम) स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूने (फायरवॉल लावायचं सोपं साधन) बंद केलेलं पोर्टही उघडं पडतं. ‘१२७.०.०.१:८०८०:८०८०’ लिहायचं असतं.

कात्रज_होमसर्व्हर:
तुमचं चालू द्या, पण माझं ऐका. लिसन बरोबर, फॉरवर्ड बरोबर, तरी मोबाइल डेटावरून साइट दिसत नाही. घरच्या वायफायवर दिसते. पोर्ट ८० वरून ८०८०, मग ८४४३ करून पाहिलं. इंटरनेटवाला म्हणतो, स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतःचा पत्ता) घ्या, महिन्याला वेगळे पैसे. कनेक्शन घेताना कोणी बोललं नव्हतं.

आजी_सिस्टिम_अॅडमिन:
बाळा, राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या जोडणीच्या) पानावर पत्ता बघ. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तू सीजीनॅटच्या, म्हणजे इंटरनेटवाल्याच्या स्वतःच्या नॅटच्या, मागे आहेस. हा पट्टा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवला. एक पब्लिक पत्ता कित्येक घरांत वाटलेला असतो, तुझ्या राउटरचं फॉरवर्ड वरच्या नॅटला कळत नाही. लिसनचा यात दोष नाही.

हिंजवडी_फेज२:
म्हणून तर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) घ्या म्हणतो. ‘लिसन [::]:४४३’ (तिथलं ०.०.०.०) आणि पैसे वाचले.

कर्वेनगर_लिनक्स:
पुन्हा तेच! आयपीव्ही६ मध्ये नॅटचा आडोसा नाही. कालचा सल्ला ऐकून ज्याने फायरवॉल बंद केली, त्याचं मशीन आता थेट रस्त्यावर. आणि बघणाऱ्याकडे आयपीव्ही६ नसेल तर त्याला साइट दिसणारच नाही.

हिंजवडी_फेज२:
नॅट म्हणजे सुरक्षा नव्हे, हे किती वेळा सांगायचं? फायरवॉल चालू ठेवा. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पेठेतला_जावावाला:
८०८० ला कोणी नावं ठेवू नका. लिनक्सवर १०२४ च्या खालचं पोर्ट साध्या युजरला मिळत नाही. ८० हवं म्हणून अख्खं अॅप रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवणारी पोरं मी ऑफिसात पाहिली आहेत. त्यापेक्षा ८०८० शंभरपट बरं.

कर्वेनगर_लिनक्स:
८०८० ला विरोध नाही. ते जगाला उघडं टाकण्याला आहे.

कात्रज_होमसर्व्हर:
आजी, पाहिलं. १००.८६ ने सुरू होतो. तीन रविवार पोर्ट बदलत बसलो होतो.

आजी_सिस्टिम_अॅडमिन:
मग आता फॉरवर्ड काढून टाक आणि इंटरनेटवाल्याला आयपीव्ही६ देतो का ते विचार. पैसे त्यानंतर.