यादीत भाडेकरू का नाही?

(रत्नागिरीतल्या नाचणे रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र)

सेक्रेटरी, ए-१०२: आंतर-सोसायटी टेनिस बॉल स्पर्धेची आपली यादी फायनल झाली. नावं वरच्या फोटोत आहेत. फक्त सभासद आणि त्यांच्या घरचे. जर्सीचे ४०० रुपये उद्यापर्यंत पाठवा.

ए-३०३: दादा, सी-३०४चा डावखुरा स्पिनर कुठाय? गेले तीन रविवार त्यानेच सगळ्यांच्या दांड्या उडवल्यात.

सेक्रेटरी: तो भाडेकरू आहे रे. वर्गणी भरणाऱ्यांना आधी संधी, असं कमिटीत ठरलं. त्यात त्याची जयगडला शिफ्ट. ऐन वेळी आला नाही तर कुठे शोधायचा?

बी-१०४: बरोबर आहे. आयपीएलवाले कोट्यवधी रुपये घेऊन बसतात आणि तरी चुकतात. पंजाबने चुकीचाच शशांक उचलला होता ना? आपण तर हौशी माणसं.

बी-४०१: थांबा, ते शशांकचं प्रकरण नीट सांगतो, कारण लोक ते नेहमी अर्धंच सांगतात. डिसेंबर २०२३, दुबईचा लिलाव. शशांक सिंगवर २० लाखांची बोली पंजाबने लावली, हातोडा पडला आणि मग टेबलावर चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संघाने खुलासा केला की यादीत एकाच नावाचे दोघं होते, आम्हाला हवा तोच मिळाला. पुढे एप्रिलमध्ये अहमदाबादला गुजरातविरुद्ध २०० चा पाठलाग करताना त्याने २९ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि सामना काढून दिला. पुढच्या वर्षी पंजाबने त्याला साडेपाच कोटींना राखला. २०२५च्या फायनलला ३० चेंडूंत नाबाद ६१, संघ ६ धावांनी हरला तरी शेवटच्या चेंडूपर्यंत तो उभा होता. टेबलावर जे झालं ते झालं, पण नंतर त्यांनी त्याला खेळवलं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

ए-३०३: मग काका, सगळ्यात मोठी घोडचूक कोणती? माझं मत केकेआर. २०२४ला श्रेयस अय्यरच्या कप्तानीत जिंकले आणि त्यालाच सोडलं. पंजाबने २६.७५ कोटींना घेतला आणि थेट फायनलला नेलं. केकेआरने २३.७५ कोटी वेंकटेश अय्यरवर घातले आणि आठवे आले.

बी-४०१: निकाल तुझ्या बाजूने आहे. पण रिटेन्शनला, म्हणजे लिलावाआधी खेळाडू राखून ठेवायला, खेळाडूचीही संमती लागते, तेव्हा आत काय बोलणं झालं ते त्यांनाच ठाऊक. माझं म्हणणं एवढंच की नुसत्या निकालावरून चूक ठरवू नये. अमेरिकेत बास्केटबॉलच्या १९८४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पोर्टलँडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी घेतला, तिसऱ्यावर शिकागोने मायकल जॉर्डन. सगळं जग पोर्टलँडला हसतं. पण त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता आणि हवा होता उंच सेंटर. हिशोब तेवढ्यापुरता बरोबर. चूक दुसरीकडे होती. पायाच्या दुखापतीने बोवीचे कॉलेजमधले दोन हंगाम वाया गेले होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. समोर दिसतंय त्याकडे डोळेझाक केली, त्याला मी घोडचूक म्हणतो. डावाच्या आधी पाऊस पडला तर ती घोडचूक नव्हे.

सी-२०१ (आजी): बाळांनो, १९७१ विसरलात काय? पतौडीला काढून वाडेकरला कप्तान केला तेव्हा आमच्या घरी जेवणाच्या ताटावर भांडण झालं होतं. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट, त्यांच्या एका निर्णायक मताने झालं ते. बाबा म्हणाले, हा माणूस क्रिकेट बुडवणार. मग वेस्ट इंडिजमध्ये जिंकलो, गावसकरने पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्येही जिंकलो. रेडिओला चिकटून बसायचे बाबा.

बी-४०१: आजी, तुम्ही माझ्या तोंडचं बोललात. मर्चंटनी मत दिलं ते स्वतःच्या नावावर दिलं. उद्या हरलो असतो तर लोक त्यांच्याच दारात गेले असते. आपल्याकडे निर्णय घेते कमिटी आणि चुकतं नशीब.

बी-१०४: काका, एवढं सगळं कुठून वाचता हो तुम्ही?

बी-४०१: खेळावरच्या पुस्तकांतून. धावा पेपरात मिळतात, पण यादी कशी बनली ते पुस्तकातच कळतं. मनीबॉल वाचलंय का कोणी? सिनेमा नव्हे, मायकल लुइसचं पुस्तक, २००३चं. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा गरीब बेसबॉल संघ, न्यूयॉर्क यांकीजच्या एक तृतीयांश पगारात खेळणारा. त्यांचा जनरल मॅनेजर बिली बीन इतरांनी टाकलेली माणसं गोळा करायचा. चॅड ब्रॅडफर्ड नावाचा पिचर, म्हणजे त्यांचा बोलर, जवळजवळ जमिनीला हात घासून चेंडू फेकायचा. दिसायला विचित्र म्हणून कुणाला नको होता. स्कॉट हॅटेबर्ग कॅचर होता, आपल्या कीपरसारखा, त्याचं कोपर गेलं, फेक गेली. त्याला पहिल्या बेसवर उभं केलं, का तर बॅटिंगला त्याला बाद करणं अवघड होतं, म्हणून तो संघात हवा होता. २००२मध्ये त्या संघाने सलग २० सामने जिंकले. विसाव्यात ११-०ची आघाडी घालवली, ११-११ झालं, आणि शेवटी बदली बॅटर म्हणून येऊन हॅटेबर्गनेच होम रन मारली. ते पान वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो.

ए-३०३: पण काका, ओकलंड जिंकलं कुठे? प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडले.

बी-४०१: पडले, मिनेसोटाकडून. खरं आहे ते. आकड्यांनी हंगाम जिंकता येतो, चार दिवसांची मालिका जिंकेलच असं नाही. म्हणून ते पुस्तक मला आकड्यांपेक्षा माणसांचं वाटतं. कोण टाकाऊ, हे कुणी ठरवलं आणि कशावरून?

मराठीत खेळाडूंवर प्रेमाने लिहिणारे झाले. द्वारकानाथ संझगिरींची पुस्तकं घरोघर वाचली गेली, ते २०२५मध्ये गेले तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. पण निवडीच्या खोलीत काय घडतं यावर मराठीत एक जाडजूड पुस्तक व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत आपल्याच माणसावर झालंय. रामचंद्र गुहांचं अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड, २००२चं. त्यात पालवणकर बाळू भेटतात.

सी-२०१ (आजी): कोण हो हे?

बी-४०१: आजी, डावखुरे स्पिनर. चांभार समाजातले. पुण्यात साहेबांच्या क्लबात पिच लोळवायला आणि झाडायला महिन्याला ४ रुपयांवर होते. तिथला ग्रेग नावाचा बॅटर सरावाला लवकर यायचा आणि त्याला चेंडू टाकत टाकत बाळू घडले. मग पुण्याच्या हिंदू संघाने (तेव्हा संघ धर्मावार असायचे) त्यांना घेतलं, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे आणि चहाला मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढं करून हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. १९२०ला धाकटे भाऊ विठ्ठल यांना डावललं तेव्हा भावांनी संघातून अंग काढून घेतलं. १९२३ला विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू जिंकले. मला विचाराल तर आपल्या देशातल्या निवडकर्त्यांची ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती कौशल्य ओळखण्यात झाली नव्हती. कौशल्य सगळ्यांनी ओळखलंच होतं.

सेक्रेटरी: काका, तुमचा रोख माझ्याकडे आहे हे कळतंय मला.

बी-४०१: तुझ्याकडे नाही रे. माझ्याकडेच आहे, ऐक. १९९४चा शिमगा. आमच्या वाडीची टीम. कापणी झालेल्या मळ्यात आम्ही तिघांनी रात्री बत्ती लावून ढेकळं फोडली, चोपणीने जमीन चोपली, शेणाने सारवून पिच केलं. आमचा एक बोलर होडीवर जायचा. पहाटे जाळी ओढून किनाऱ्याला लागायचा आणि अंगाला मासळीचा वास, पायाला वाळू, तसाच मैदानात यायचा. चेंडू पायाच्या अंगठ्यावर पडायचा त्याचा. त्याला सरावाला जमायचं नाही, आणि मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने ट्रॉफीसाठी ५०१ रुपये दिले होते. कमिटीत हात वर झाले, चाकरमानी आत, होडीवाला बाहेर. त्या हातांत एक माझा होता.

पुढच्या वर्षी तो पल्याडच्या वाडीकडून खेळला. सेमीफायनलला आमच्या चार विकेट काढल्या. मी तिसरा. सामना झाल्यावर हात मिळवला आणि एक अक्षर बोलला नाही. त्याचा हात खरबरीत होता, दोरीने कापलेला. ते मला अजून आठवतं.

बी-१०४: काका, हे माहीत नव्हतं. पण शिफ्टचा प्रश्न तर खराच आहे ना?

बी-४०१: खराच आहे. तो त्याला विचारून सुटेल. विचारलंय का कुणी?

ए-३०३: कसं विचारणार? भाडेकरूंना ग्रुपमध्ये घेतलेलंच नाही.

सी-२०१ (आजी): हे मात्र चुकलं हो.

सेक्रेटरी: मी स्पर्धेचं पत्रक आत्ता परत वाचलं. त्यात "सोसायटीतील रहिवासी" असं आहे. सभासद शब्द आपणच घातला. म्हणजे मीच घातला, मीटिंगची टिपणं मीच लिहिली होती. यादी थांबवतो. उद्या सकाळी साडेसातला पार्किंगमध्ये सगळे या, चार-चार ओव्हर टाकू आणि मग बसू.

बी-१०४: माझं नाव काढलंत तरी चालेल. माझा खांदा दुखतो तसाही.

बी-४०१: आधी उद्या खेळ, मग बोल.

सी-२०१ (आजी): ते बाळूंचं पुस्तक नगर वाचनालयात मिळेल का हो? १८२८चं वाचनालय आपलं, असायला हवं.

बी-४०१: सोमवारी जाऊन बघतो आजी. नसलं तर माझी प्रत आणून देतो, फक्त पेन्सिलीने रेघा मारलेल्या आहेत.

सेक्रेटरी यांनी सी-३०४ यांना ग्रुपमध्ये घेतले.

सी-३०४: नमस्कार. उद्या माझी दुपारची शिफ्ट आहे, सकाळी येतो. स्पर्धेच्या दोन्ही रविवारचं नक्की सांगता येणार नाही, सुपरवायझरना विचारावं लागेल. बॉल कुठला आहे, हलका की जड?