मेडिकल स्कूलच्या निबंधातलं इंग्रजी किती तपासायचं?

एडिसनकर_आई
नमस्कार मंडळी, मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, या मे-जूनमध्ये एएमकॅस, म्हणजे मेडिकल स्कूलांचा सामायिक ऑनलाइन अर्ज, भरणार. ती नववीत असताना आम्ही पुण्याहून इकडे आलो, त्यामुळे इंग्रजी बोलते फाडफाड पण लिहिताना अजून आपल्याकडचं वळण येतं. तिचं म्हणणं, जीपीए (कॉलेजचे मार्क) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) चांगला आहे, पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जातल्या निबंधात, एखाद-दुसरी चूक राहिली तर कोण बघतंय. मला पटत नाही, पण मी कॉमर्सवाली, तिला नीट समजावता येत नाहीये. कुणी यातून गेलंय का?

ओहायो_रेसिडेंट
काकू, मी गेलेय. मी दहावीनंतर नाशिकहून आले, आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की मी नाशिकच्या शाळेतून 'पास आऊट' झाले. इथे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझर बाईंनी काळजीने विचारलं, चक्कर कशामुळे आली होती? पुढे क्लिनिकमधल्या व्हॉलंटियरिंगबद्दल लिहिताना मी पेशंटचे 'डाऊट' क्लिअर केले असं होतं, त्यावरून त्यांना वाटलं पेशंटचा माझ्यावर विश्वास नव्हता. 'फॉर टू इयर्स'च्या जागी 'सिन्स टू इयर्स' तर पानोपानी, कारण डोक्यात 'दोन वर्षांपासून' चालू असतं. आणि इंग्रजीतले 'अ' आणि 'द'! मराठीत ते प्रकरणच नाही, त्यामुळे आपली नजर तिथे थांबतच नाही, तेवढ्यासाठी एक वेगळं वाचन करायला सांगा तिला.

अजून एक, हे फक्त अ‍ॅडमिशनपुरतं नाही हो. हॉस्पिटलमध्ये ऑर्डर लिहिताना 1.0 मिलिग्रॅम असं लिहायचं नाही, टिंब दिसलं नाही तर 10 वाचलं जातं, दसपट डोस. 'एमएस' लिहिलं तर मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट कळत नाही. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने अशा 'लिहू नका' गोष्टींची यादीच काढलीये 2004 पासून. आपलं लिहिलेलं परत वाचायची सवय आत्ताच लागलेली बरी.

बे_एरिया_बाबा
माझ्या मुलाचं गेल्या वर्षी झालं म्हणून प्रॅक्टिकल सांगतो. निबंधाला 5,300 कॅरेक्टर, स्पेस धरून. अ‍ॅक्टिव्हिटी (काम, व्हॉलंटियरिंग वगैरेच्या नोंदी) 15 पर्यंत, प्रत्येकी 700, त्यातल्या तीन सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून निवडल्या तर त्यांना अजून 1,325. फॉर्ममध्ये स्पेलचेक नाही!! आणि एकदा सबमिट केलं की निबंधात काही बदलता येत नाही, चूक जशीच्या तशी सगळ्या शाळांकडे जाते. वर्डमधून कॉपी केलं तर फॉरमॅटिंग बिघडू शकतं, साध्या टेक्स्टमधून टाकायचं आणि तिथे परत वाचायचं. खरी दमछाक त्यानंतर सेकंडरीमध्ये, म्हणजे प्रत्येक शाळेच्या वेगळ्या अर्जात, होते, ढीगभर निबंध एकदम येतात आणि घाईत एका शाळेचं नाव दुसरीच्या निबंधात राहतं, ते आधी बघा.

मिशिगन_ताई
फक्त तुम्ही लिहून देऊ नका हं, काकू. हे माझंच लिखाण आहे असं तिला सबमिट करताना सर्टिफाय करावं लागतं. तपासून देणं चालतं, पण वाक्य तिनेच बदलायचं. तुम्ही फक्त समोर बसून तिला मोठ्याने वाचायला लावा, जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा. मेडिकलशी संबंध नसलेल्या एकाला आणि इथेच वाढलेल्या एकाला तरी वाचायला द्या.

एडिसनकर_आई
खूप आभार सगळ्यांचे. 'पास आऊट'चं तिला वाचून दाखवलं, लगेच उठून लॅपटॉप घेऊन आली, तिच्याही निबंधात होतं. शनिवारी मोठ्याने वाचायला बसतोय.