‘ओपनिंग नाईट’मधली मर्टल शेवटी जिंकते की पळवाट काढते?

तिसरी घंटा, जळगाव
जॉन कॅसाव्हेटीस यांचा १९७७ चा ‘ओपनिंग नाईट’ आमच्या हौशी नाट्यमंडळींनी नुकताच एकत्र बसून पाहिला आणि शेवटावरून सरळ दोन तट पडले. न्यूयॉर्कआधी न्यू हेवनमध्ये नव्या नाटकाचे प्रयोग चालू असताना, त्यातली उतारवयाकडे झुकलेली स्त्री रंगवायला नामवंत अभिनेत्री मर्टल गॉर्डनचे मन तयार होत नाही. एक सतरा वर्षांची चाहती तिला भेटल्यावर लगेच मोटारीखाली सापडून मरते आणि पुढे तीच मुलगी मर्टलला दिसू लागते. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगाला ती धड उभेही राहता येणार नाही इतकी पिऊन येते; तरी शेवटच्या प्रवेशात पदरचे संवाद घालून प्रेक्षकांना हसवते. टाळ्या पडतात, पण लेखिकेचे नाटक त्या रात्री झालेच नाही. याला तिचा विजय म्हणावे का?

विंगेतून, धुळे
माझ्या मते याचे उत्तर थप्पडेच्या तालमीत आहे. सहकलाकाराने हात उगारला की मर्टल कोसळते आणि उठायचे नाव घेत नाही. दिग्दर्शक मॅनी मात्र नटीने थप्पड खाणे ही परंपराच असल्याचे सांगून तिची समजूत घालू पाहतो. थप्पड मारणारा सहकलाकार स्वतः कॅसाव्हेटीस आणि खाणारी त्यांची पत्नी जीना रोलँड्स, त्यामुळे त्या तालमीला वेगळीच धार येते. वय झालेल्या बाईच्या वाट्याला मार, पश्चात्ताप आणि हार एवढेच ठेवणारी भूमिका तिला नको आहे, आणि शेवटच्या प्रवेशात ती नेमके तेच नाकारते. बर्लिन महोत्सवात रोलँड्स यांना अभिनयाचे रौप्य अस्वल मिळाले, ते उगाच नव्हे.

संहितेचा माणूस, भुसावळ
नाकारायचेच होते तर भूमिका स्वीकारू नये. राज्य नाट्य स्पर्धेत एखाद्या नटाने असे पदरचे संवाद घातले, तर समोरच्या नटाची आणि प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याची काय धांदल उडते, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलेले असेल. शिवाय लेखिका सारा गूडचा विचार कोणीच करत नाही. ती भूमिका जोन ब्लाँडेल यांनी केली आहे, ज्या १९३० च्या दशकात स्वतः हॉलीवूडच्या लोकप्रिय नट्यांपैकी एक होत्या. मर्टल ज्या वयाला घाबरते ते पचवलेली बाई तिच्यासमोर बसून तिचे वय विचारते, आणि मर्टल उत्तर देत नाही. सगळ्या चित्रपटात मला हाच प्रसंग सर्वांत खरा वाटला.

झाडीपट्टी नव्हे, तापीपट्टी; अमळनेर
जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या बालगंधर्वांनी साठी उलटल्यावरही तरुण नायिका रंगवल्या आणि गाण्यासाठी आलेल्या प्रेक्षकाने डोळे मिटून त्या मान्य केल्या. मर्टलची अडचण बरोबर उलटी आहे. तिला तरुण दिसायचा हट्ट नाही. ही प्रौढा तिने एकदा पटवून दिली की यापुढे तिच्याकडे तशाच भूमिका येतील, ही तिची भीती आहे आणि व्यवसाय जाणणाऱ्याला ती अगदी रास्त वाटेल. म्हणून पळवाट हा शब्द मला कठोर वाटतो. मात्र विजयही म्हणवत नाही, कारण दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला ती काय करणार, हे कॅसाव्हेटीस यांनी दाखवलेलेच नाही.

तिसरी घंटा, जळगाव
भीतीबद्दलचा मुद्दा पटला. तरी मॅनीला इतक्या सहज सोडता येत नाही: पहिल्या प्रयोगाच्या रात्री मर्टल मार्गिकेत भिंतीला धरून सरपटत असताना तो इतरांना तिला हात लावू देत नाही. तिने स्वतःच्या पायांवर रंगमंचावर जावे म्हणून की तिकिटे विकली गेली आहेत म्हणून? आमचा दुसरा तट आता याच प्रश्नावर अडून बसला आहे.