१० आठवड्यांचं पिल्लू, दात घासायची सवय कधीपासून लावायची?

चिंगीचीमम्मी:
नमस्कार मंडळी, इथे नुसतीच वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तर सांभाळून घ्या. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका कुत्रीने चार पिल्लं घातली, तिघांना घरं मिळाली आणि एक उरली ती आता आमच्याकडे. नाव चिंगी. साधारण १० आठवड्यांची असेल, वॉचमनकाका म्हणतात गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. जंताचं औषध आणि पहिलं इंजेक्शन झालंय.

तर त्या इंजेक्शनला गेलो तेव्हा तिथे एक ९ वर्षांचा लॅब्रेडॉर आला होता, त्याच्या तोंडाला इतका वास की अख्खी खोली भरली, मालक बिचारे सांगत होते चार दाढा काढायच्यात. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. डॉक्टर घाईत होते, विचारायचं राहून गेलं. आता हे सगळे दात पडणारच आहेत तर आत्ता घासून काय उपयोग? मुलाची स्ट्रॉबेरीवाली टूथपेस्ट आहे ती जराशी लावली तर चालेल का? सासरे म्हणतात काही नको, कडुलिंबाची काडी द्या चघळायला. आणि पेट शॉपवाल्याने एक वाळवलेलं खूर गळ्यात मारलंय, म्हणाला याने दात आपोआप साफ होतात.

बाकी चावणं तर विचारू नका, चपला, सोफ्याचा कोपरा, माझ्या ओढण्या, सगळं झालं. काल बोटाला दात लागून थोडं रक्तपण आलं, पण पिल्लूच आहे म्हणून सोडून दिलं.

घाटावरचा:
कुत्र्याला ब्रश?? आमच्याकडे शेतावर पाच कुत्री झाली आजवर, भाकरी-ताक खाऊन गेली बिचारी, कुणाच्या तोंडात काडी नाही घातली. शहरात लोकांना वेळ फार.

पॉमवालीताई:
घाटावरचे, मीपण हेच म्हणायचे हो. आमचा पहिला पॉम (पॉमेरेनियन), त्याचे दुधाचे सुळे पडलेच नाहीत आणि नवे शेजारून आले, म्हणजे एका जागी दोन दोन सुळे. आम्हाला वाटलं किती गोड, शार्कसारखा दिसतो, फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. त्या दोघांच्या फटीत अन्न आणि केस अडकून अडकून चार वर्षांत हिरडी अशी काही सुजली की दूध-पोळीसुद्धा खाईना. भूल देऊन साफ केलं, दुधाचे सुळे काढले आणि बाजूचे चांगले दातपण गेले दोन-तीन. मग म्हटलं आता रोज घासू, तर तोंडाला हात लावू देईल तर शप्पथ! चार वर्षं कुणी ओठ उचलला नव्हता आणि दुखतंयपण, तो तरी काय करणार.

म्हणून दुसऱ्याच्या वेळी घरी आला त्या आठवड्यापासून नुसतं बोट. ब्रश नाही, पेस्ट नाही. साधं चिकन उकडलेलं पाणी (मीठ, कांदा, लसूण काहीच नाही), त्यात बोट बुडवायचं, चाटू द्यायचं आणि चाटता चाटता ओठाच्या आत फिरवायचं. पाच सेकंद, की झालं, शाब्बास म्हणायचं आणि सोडायचं. आता तो ब्रशचा डबा उघडल्याचा आवाज आला की पळत येतो. आवडतं म्हणून नाही, नंतर खाऊ मिळतो म्हणून.

गोठ्यातलाडॉक्टर:
मी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे, गाई-म्हशी जास्त बघतो पण कुत्रीही येतातच. दातांचं नंतर. चिंगीची मम्मी, आधी ते बोट. पिल्लू आहे म्हणून सोडू नका. आई रस्त्यावरची, तिला लस दिलेली आहे की नाही कुणाला ठाऊक नाही, आणि चिंगीची स्वतःची रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर होणार. पिल्लांनाही रेबीज होतो. जखम साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, काल झालं असलं तरी आज धुवा, आणि आजच दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. रक्त आलंय म्हटल्यावर लशीसोबत जखमेच्या भोवती आणखी एक इंजेक्शन सांगतील, त्याला नाही म्हणू नका. हे झालं की मग खालचं वाचा.

आता दात. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, मोठ्या कुत्र्याला ४२. साधारण चौथ्या महिन्यात पुढचे पडायला लागतात, मग सुळे, दाढा, आणि सातव्या महिन्यापर्यंत सगळे पक्के येतात. पडलेले दात बरेचदा पिल्लं गिळूनच टाकतात, काही होत नाही. खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला तरी घाबरू नका. दुधाचे दात पडणार हे खरंच, पण आत्ता तुम्ही दात साफ करत नाही आहात, तोंडात हात घालू द्यायची सवय लावताय. ही सवय लहानपणी फुकट लागते, मोठेपणी पॉमवालीताईंनी सांगितलं तशी महागात पडते. मधे दात बदलत असताना हिरड्या हुळहुळ्या असतात, तेव्हा ब्रशने रगडू नका, नुसता ओठ उचलून बघणं चालू ठेवा. बघायचं काय, तर एकाच जागी जुना आणि नवा असे दोन दात एकत्र दिसतायत का. नवा बाहेर आलाय आणि जुना हलत नाही, तर वाट बघत बसायचं नाही, दाखवायचं. पॉम, चिहुआहुआ अशा छोट्या जातींत हे फार, पण गावठीत होतच नाही असं नाही. नसबंदीच्या वेळी भूल दिलेलीच असते, बरेचदा त्यातच तो दात काढता येतो.

टूथपेस्ट माणसांची अजिबात नको, मुलांची तर नकोच. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात. फ्लोराइड बहुतेकांत असतंच, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्याला विष आहे, रक्तातली साखर एकदम खाली जाते, झटके येतात, लिव्हर जातं. शुगर-फ्री च्युइंगगममध्येपण तीच असते, पर्स चिंगीच्या तोंडाला येईल अशी ठेवू नका. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, चिकनच्या चवीची, गिळली तरी चालते. नाही मिळाली तर नुसता ओला मऊ ब्रश, लहान बाळाचा चालतो, किंवा बोटाला गुंडाळलेलं गॉझ. काम घासण्याने होतं, पेस्ट म्हणजे लाच.

घासायचं फक्त बाहेरच्या बाजूने, गालाकडून. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. आणि लोक पुढचे दात चकाचक करतात, मागे बघतच नाहीत. वरच्या जबड्यात मागे जी सगळ्यात मोठी दाढ दिसते तिथे आणि सुळ्यांवर किटण आधी चढतं. दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, एकदा किटण झालं की ब्रशने निघत नाही, म्हणून रोज, नाही जमलं तर दिवसाआड तरी. रविवारी एकदा जोर लावून घासलं याला अर्थ नाही.

ते खूर फेकून द्या. खूर, शिंग, वाळकी हाडं, याने तीच मोठी दाढ उभी चिरते, महिन्यातून एक तरी बघतो. नख दाबून बघायचं, नख रुतत नसेल तर ती वस्तू दातांसाठी फार कडक आहे. शिवशिवणाऱ्या हिरड्यांसाठी फडकं ओलं करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग द्या, समोर बसून, नाहीतर फडकंच गिळेल. थंडगार गाजरपण चालतं. सासऱ्यांना सांगा कडुलिंब माणसाला ठीक, पिल्लू काडी चघळत नाही, मोडून गिळतं, तिचे तुकडे टाळूत आडवे अडकलेले काढलेत मी.

घाटावरचा:
डॉक्टर मग मटणाची नळीपण नाय द्यायची?

गोठ्यातलाडॉक्टर:
नाही. शिजवलेली तर मुळीच नाही, तिचे टोकदार तुकडे होतात. आणि तुमच्या शेतावरच्या कुत्र्यांचं म्हणाल तर पुढच्या वेळी एखाद्याचा ओठ उचलून मागची दाढ बघा आणि मला सांगा. कुत्रं दात दुखतोय म्हणून ओरडत नाही, एका बाजूने खातं, नाहीतर भाकरी ताकात भिजेपर्यंत थांबतं.

घाटावरचा:
आमचा वाघ्या भाकरी भिजेपर्यंत थांबायचा. आम्हाला वाटायचं शहाणा आहे.

चिंगीचीमम्मी:
डॉक्टर, लगेच जाऊन आले, दोन्ही इंजेक्शनं झाली, पुढच्या तारखा मिळाल्या. तिथल्या मॅडमनी आधी मलाच झापलं. खूर कचऱ्यात. पॉमवालीताई, चिकनच्या पाण्याने बोट चाटणं चालू केलंय, सध्या फक्त चाटते आणि मग बोटच चावते.

पॉमवालीताई:
चावली की ओरडू नका हात झटकू नका, तिला तो खेळ वाटतो. बोट सैल सोडून बाजूला व्हायचं आणि खेळ बंद. आठवडाभर लागेल.

चिंगीचीमम्मी:
धागा वर काढतेय, होळी झाली म्हणजे चिंगी सहा महिन्यांची झाली. अपडेट द्यायचा राहिला होता. पुढचे दात पडले तेव्हा एकच सापडला, सोफ्याखाली, तांदळाएवढा, आणि आमच्या चिरंजीवांनी तो उंदीरमामाला द्यायचा म्हणून पत्र्यावर भिरकावला. रेबीजची लस झाली, बूस्टरपण.

एक प्रश्न आहे. खाली डाव्या बाजूला नवा सुळा आलाय आणि जुना अजून तिथेच आहे, आतल्या बाजूला नवा, बाहेर जुना. रोज ओठ उचलून बघते म्हणून दिसलं नाहीतर कळलंच नसतं. जुना हलवून बघितला, जरासुद्धा हलत नाही. नसबंदी पुढच्या महिन्यात ठरलीय, तोपर्यंत थांबू का?

गोठ्यातलाडॉक्टर:
एक महिना थांबू नका. खालचा सुळा आतून आला की वर वाढताना टाळूत रुतायची भीती असते. या आठवड्यात दाखवा, नसबंदी अलीकडे ओढता येते का विचारा, एकाच भुलेत दोन्ही होईल. आणि ब्रश?

चिंगीचीमम्मी:
उजवी बाजू घासू देते. डाव्या बाजूला ब्रश खाऊन टाकते. उद्याच फोन करते डॉक्टरांना.