10 टनी क्रेनचा होइस्ट ब्रेक घसरतोय, लायनिंगचा दोष का अजून काही?

अंबड_मेंटेनन्स
मंडळी जरा सांगा. अंबडला आमच्याकडे 10 टनी डबल गर्डर ईओटी (शेडमध्ये वर रुळांवर चालणारी विजेची क्रेन) आहे, जुनी, स्लिप रिंग मोटर, कॉन्टॅक्टर पॅनेल, होइस्टला (माल वर-खाली करणारा भाग) थ्रस्टरवाला ड्रम ब्रेक, म्हणजे स्प्रिंग दोन शू ड्रमवर दाबून ब्रेक लावते आणि थ्रस्टर (विजेवर चालणारा तेलाचा जॅक) तो उघडतो. आधी लायनिंग (शूवरचा घर्षणाचा थर) टाकलं की वर्ष-दीड वर्ष तिकडे बघायला लागायचं नाही, आता पावसाळ्याआधी टाकलेलं दिवाळीच्या आतच काळं कुळकुळीत, काचेसारखं झालंय. जाडी बऱ्यापैकी शिल्लक आहे पण बटण सोडलं की लोड वीतभर खाली सरकतो आणि मग थांबतो. ड्रमवर निळसर पट्टेपण आलेत. स्प्रिंग टाईट केली, थोडे दिवस बरं चाललं, परत तेच. दुकानदार म्हणतो पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसचं यायचं, आता नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस आहे ते असंच, हार्ड ग्रेड घ्या. मालक म्हणतात लायनिंगवर किती पैसे घालायचे. खरंच मटेरियलच खराब येतंय का?

सिन्नरचा_क्रेनवाला
दादा पहिलं म्हणजे वीतभर सरकतोय तर त्या होइस्टवर लोड उचलणं आजच्या आज बंद करा, बाकीचं नंतर. आणि स्प्रिंग टाईट करणं हा उपाय नाही, बऱ्याचदा तेच दुखणं असतं. थ्रस्टरची ताकद ठरलेली असते, स्प्रिंग जास्त आवळली की तो ब्रेक पूर्ण उघडू शकत नाही, एक शू ड्रमला घासत राहतो, मोटर चालू असताना पण. मग गरम होणारच. निळे पट्टे त्याचेच वाटतायत. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन ब्रेक उघडा असताना दोन्ही बाजूचा गॅप बघा, सारखा पाहिजे.

घर्षण_बिर्षण
दुकानदाराचं अर्धं खरं आहे. नॉन-अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये चांगली ग्रेड पण येते आणि भुसा पण येतो, त्यामुळे ग्रेड बघून घ्या. पण "हार्ड" म्हणजे जास्त पकड असं काही नसतं, बऱ्याच वेळा हार्ड लायनिंग झिजतं कमी पण त्याचा घर्षण गुणांकही कमी असतो. ब्रेकचा टॉर्क म्हणजे गुणांक गुणिले दाब गुणिले ड्रमची त्रिज्या. चांगल्या लायनिंगचा गुणांक साधारण 0.35 ते 0.45, तो 0.4 वरून 0.25 वर आला तर स्प्रिंग तीच असून टॉर्क एक तृतीयांशापेक्षा जास्त घटला. त्यात होइस्टचा ब्रेक सहसा मोटरच्या टॉर्कच्या दीडपट धरलेला असतो, म्हणजे ती सगळी मार्जिन तिथेच संपली.

आता काच का होते, तर लायनिंगमधले फायबर आणि पावडरी फेनॉलिक रेझिनने बांधलेल्या असतात आणि हे रेझिन 300 डिग्रीच्या वर गेलं की जळायला लागतं. त्यातून वायू सुटतो, शू आणि ड्रमच्या मध्ये पातळ थर होतो, पकड जाते. गार झाल्यावर वर जळका कडक पापुद्रा राहतो तीच तुमची काच. आणि तापमान वाढलं की झीज सरळ रेषेत वाढत नाही, एका हद्दीनंतर एकदम उसळते. कसारा घाट उतरताना ट्रकवाला ब्रेकवर पाय ठेवून बसला तर खाली येईपर्यंत काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे, तुमचा शू दिवसभर तेच करतोय.

जुना_फिटर_सातपूर
वरचं बरोबर आहे पण कोणी ऑइल सील बघायला सांगितलं नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून थेंब थेंब तेल ड्रमवर येतं, लायनिंग ते पिऊन घेतं, गरम झालं की काळी काच. असं लायनिंग थिनरने पुसून परत वापरू नका, वरून कोरडं दिसतं पण आत तेल असतं आणि गरम झालं की परत वर येतं. सरळ बदला.

दुसरं, ऑपरेटरला इंचिंगची (बटण टकटक करून थोडं थोडं सरकवायची) सवय आहे का बघा. लोकांना वाटतं रिकाम्या हुकाला इंचिंग केलं तर काय फरक पडतो. अहो 10 टन माल मिनिटाला 4 मीटरने चालला तर त्याच्या वेगाची ऊर्जा वीस-बावीस ज्यूल, काहीच नाही. ब्रेकला थांबवायचा असतो तो हजाराच्या आसपास आरपीएमने फिरणारा रोटर, कपलिंग आणि ड्रम, त्यात हजारो ज्यूल असतात, खाली सोडताना लोडची ओढ त्यावर वेगळी. म्हणून हूक रिकामा असला तरी बटण टकटक केलं की लायनिंग खर्च होतंच.

आणि जुन्या लायनिंगची धूळ एअर गनने उडवू नका रे बाबांनो. आपल्याकडे अजून कित्येक क्रेनवर जुनं अ‍ॅस्बेस्टॉस बसलेलं आहे आणि नवीन म्हणून आणलेलं नक्की कशाचं आहे ते पाकिटावर असेलच असं नाही. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा. तो फायबर फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही, त्रास वीस-तीस वर्षांनी सुरू होतो.

अंबड_मेंटेनन्स
क्रेन थांबवली, मालक चिडलेत पण असो. गॅप बघितला, मोटरकडच्या बाजूला फिलर जातच नाहीये, दुसरीकडे 2 मिमीच्या वर आहे. सील कोरडं आहे. थ्रस्टरमध्ये तेल कमी होतं. अजून एक, ब्रेक लागलेला असताना थ्रस्टरचा रॉड जवळजवळ पूर्ण खाली बसलेला दिसतो, हे नॉर्मल आहे ना?

सिन्नरचा_क्रेनवाला
नाही!! हेच मुख्य आहे. ब्रेक लागल्यावर पण रॉडला खाली जायला थोडी जागा शिल्लक पाहिजे. लायनिंग झिजतं तसा रॉड खाली खाली येतो आणि एकदा तळाला टेकला की स्प्रिंगचा जोर ड्रमवर न पडता थ्रस्टरच्या बॉडीवर पडतो. लायनिंग शिल्लक, स्प्रिंग टाईट, आणि ब्रेक नावालाच. तुमचं म्हणजे उघडताना एक शू घासतोय आणि लागताना पूर्ण जोर नाही, दोन्हीकडून मार.

नवीन लायनिंग टाका, ड्रमला डायल लावून रनआउट (फिरताना तो किती डगमगतो ते) बघा, निळ्या पट्ट्यांवर नख अडकेल अशा चिरा असतील तर स्किम मारून (लेथवर वरचा पातळ थर काढून) उपयोग नाही, ड्रम बदला. स्टॉपर बोल्टने दोन्ही गॅप सारखे करा, स्प्रिंग मॅन्युअलच्या मापावर आणा, तेल थ्रस्टरच्या प्लेटवर लिहिलेलंच भरा.

प्रेसशॉप_गोंदे
थोडं विषयांतर. आमच्याकडे क्रेन नाही, एअर क्लच-ब्रेकवाल्या पॉवर प्रेस आहेत. तिथे ब्रेक झिजला की लोड सरकत नाही म्हणून कोणाला कळतच नाही, फक्त स्लाइड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) थांबायला वेळ जास्त लागतो. लाइट कर्टनचं (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) अंतर काढताना हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरतात, म्हणजे थांबायचा वेळ 100 मिलिसेकंदाने वाढला तर कर्टन 200 मिमी मागे पाहिजे. तो मागे कोण नेतो सांगा. ज्यांच्याकडे प्रेस आहेत त्यांनी स्टॉप टाइम मोजून रजिस्टरला लिहीत जा.

अंबड_मेंटेनन्स
लायनिंग आणि ड्रम दोन्हीची ऑर्डर टाकली. नवीन लायनिंग बसवल्यावर लगेच फुल लोड घ्यायचा का?

जुना_फिटर_सातपूर
लगेच नको. आधी रिकाम्या हुकावर, मग थोड्या वजनावर ब्रेक मारत मारत बसू द्या, मध्ये मध्ये हात लावण्याइतका गार होऊ द्या. उघडून बघा, शूचा बहुतेक भाग ड्रमला टेकलेला दिसला पाहिजे, नुसती कड लागत असेल तर अजून चालवा. मग फुल लोड जमिनीपासून फूटभरच उचलून धरा, खाली कोणी नको.